बाराव्या खुंटीवरची चप्पल

मिठखिंडीतल्या दगडी गोठ्यात शिरताना आधी कपाळ आपटतं. चौकट बैलाच्या मापाची आहे. बैल मान खाली घालून आत यायचे. पाहुणेही मोबाईलमध्ये बघत मान खाली घालूनच येतात, पण नेमके दारात आले की वर बघतात. आत बारा दगडी गव्हाणी आहेत, एका रांगेत. गव्हाणीत आता कडबा नसतो, पाहुण्यांच्या बॅगा असतात, आणि बैल बसायचे तिथं खाटा. प्रत्येक गव्हाणीच्या वर भिंतीत एकेक सागवानी खुंटी. अकरा खुंट्यांवर छत्र्या, मफलर, थर्मासची झाकणं, एक बासरी आणि क्रिकेटचा एक पॅड. बाराव्या खुंटीवर फक्त एक चप्पल. उजवी. अंगठा तांब्याच्या तारेनं शिवलेला.

आणि एक गोष्ट पाहुण्यांना जागा बुक करायच्या आधीच सांगितली जाते. एकतीस तारखेला बारावी खाट मिळत नाही. गोठा भरलेला असला, तुम्ही कुणीही असलात, तरी नाही.

का, असं विचारलं की चांगुणामावशी पदराला हात पुसून सांगायला बसते. ज्या दिवसांचं ती सांगते त्या दिवसांत ती तिथंच चुलीपुढं होती. पण गावची गोष्ट ‘म्हणे’ लावल्याशिवाय सांगू नये असं तिचं मत आहे. म्हणून ती स्वतःबद्दलही, ‘तेव्हा चांगुणा नावाची एक बाई तिथं भाकऱ्या थापायची म्हणे,’ असंच सांगते, आणि ‘भाकऱ्या चांगल्या व्हायच्या म्हणे,’ हेही न विसरता जोडते.

फार पूर्वी, खिंडीला नावसुद्धा नव्हतं तेव्हा, कोकणातून मिठाचे तांडे घाट चढून इथं यायचे, असं सांगतात. बैल थकलेले असायचे. त्यांच्यासाठी हा गोठा एका रात्रीत उभा राहिला म्हणे, पण भिंतींची जाडी बघता दोन-तीन वर्षं तरी लागली असावीत. एखादा बैल लंगडा झाला की तांडा त्याला बाराव्या खुंटीला बांधून पुढं जायचा. परतताना मालकानं खूण सांगायची. कपाळावरचा भोवरा, फाटका कान, काय असेल ते. खूण पटली तरच दावं सुटायचं. ज्यांची खूण कुणाला सांगता आली नाही ते बैल इथंच म्हातारे झाले.

मग रस्ता झाला, मीठ ट्रकनं जायला लागलं आणि गोठा ढेब्यांच्या गुरांचा झाला. त्या घरातला शेवटचा माणूस कोंडिबा ढेबे.

कोंडिबानं तीस वर्षं एका एसटी डेपोत बेवारस सामानाच्या खोलीवर काढली. लोक गाडीत विसरलेल्या वस्तू मागायला खिडकीवर यायचे आणि कोंडिबा एकच वाक्य बोलायचा, ‘खूण सांगा, वस्तू न्या.’ तीन खुणा विचारायचा. एकदा साहेबांचीच छत्री सापडली होती. साहेबांना दांड्याचा रंग सांगता आला नाही. छत्री गेली नाही, कोंडिबाची बढती गेली.

नोकरी संपवून तो गावी आला त्याच वर्षी त्याची बायको सगुणा गेली. मूलबाळ नव्हतं. एकट्याच्यानं गुरं होईनात म्हणून ती मेव्हण्याच्या दावणीला गेली. संध्याकाळी धार काढायच्या वेळेला कोंडिबा सवयीनं चरवी घेऊन गोठ्यात जायचा, बारा रिकाम्या गव्हाणी बघायचा आणि चरवी धुऊन परत पालथी घालायचा. असं वर्षभर चाललं.

मग कुणीतरी त्याला सांगितलं की शहरातली माणसं हल्ली गोठ्यात राहायला येतात. कोंडिबानं विचारलं, “का?” तरी त्यानं गोठा दुरुस्त करायला काढला. भिंत बघायला आलेली एक बाई म्हणाली, सिमेंट लावू नका, दगडाला ओल सुटेल. म्हणून चुना आणला, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून भिजवला, जुन्या पद्धतीनं दरजा भरल्या. कौलं उतरवून एकेक घासली. गुळामुळं पहिले पाहुणे मुंग्या आल्या. आठ दिवस राहिल्या.

त्यानंतर माणसं यायला लागली. शनिवारी यायची, गव्हाणीत बसून फोटो काढायची, पिठलं-भाकरी खायची, ‘काय शांतता आहे हो तुमच्याकडं!’ म्हणायची आणि रविवारी दुपारी ती शांतता कोंडिबाकडंच ठेवून निघून जायची. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो हात हलवत राहायचा. गाडीतून कुणी मागं बघत नसे.

एकदा एक मुलगी छत्री विसरली.

मिठखिंडीत रेंज फक्त वरच्या टेपावरच्या, म्हणजे टेकाडावरच्या, एका धोंड्यावर मिळते. सगळे त्याला फोनधोंडा म्हणतात. पाहुण्यांचे फोन घ्यायला कोंडिबा रोज चार वाजता तिथं जाऊन बसायचा. त्या दिवशी चारला फोन वाजला. मुलीला छत्री हवी होती. कोंडिबानं तीन खुणा विचारल्या, तिनं हसत सांगितल्या, मग कशावरून तरी पावसावर विषय गेला, पावसावरून तिच्या आजीवर. अकरा मिनिटं बोलणं झालं. पुढच्या रविवारी ती स्वतः छत्री न्यायला आली आणि येताना गुळपोळ्या घेऊन आली.

कोंडिबा त्या दिवशी टेपावरून उतरला तो वेगळाच माणूस होऊन, असं सांगतात. त्याला कळलं होतं की विसरलेली वस्तू माणसाला परत आणते. आता प्रश्न एवढाच होता की माणसं पुरेशी विसरत नव्हती.

तर कोंडिबा त्यांना मदत करायला लागला.

आलेल्या प्रत्येक कुटुंबाची एक वस्तू तो आड ठेवायचा. चोरीचा हेतू नव्हता, म्हणून तो महागाची वस्तू कधी घ्यायचा नाही. एक मोजा, थर्मासचं झाकण, चार्जर. जुन्या धान्याच्या कणगीत टाकायचा आणि चार वाजता धोंड्यावर जाऊन बसायचा. चार्जरसाठी पावणेदोन तासांत फोन आला. कोंडिबा खूण विचारायच्या बेतात होता तेवढ्यात तिकडून आवाज आला, “राहू दे काका, नवीन घेतलासुद्धा.” झाकणवाले म्हणाले, “टाकून द्या.” क्रिकेटच्या पॅडवाल्यांचं तर घरात कुणी क्रिकेट खेळतच नव्हतं, तो गाडीत कसा आला हेच त्यांना माहीत नव्हतं. फोन यायचे, पण अर्ध्या मिनिटाचे. माणसं परत यायची नाहीत. कोंडिबा वस्तू खुंटीला टांगायचा. खुंट्या भरत गेल्या, खाटा रिकाम्याच.

चांगुणेला हे कळलं होतं म्हणे. ती एकदा म्हणाली, “तात्या, आज कुणाचं काय विसरवलंत?”

“बासरी.”

“येईल का तो?”

“वाजवता येत असती तर आला असता.”

अशात ऑक्टोबरच्या अखेरीला कुलथ्यांच्या दोन गाड्या आल्या. एक पुण्याहून, शिरीषची. एक कोल्हापूरहून, हेमंतची. दोघे सख्खे भाऊ, आणि त्यांचे वडील सदानंद कुलथे, तार ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे तारमास्तर म्हणायचे. मुलं अप्पा म्हणायची. अप्पा एक महिना शिरीषकडं राहायचे, एक महिना हेमंतकडं. अदलाबदल एक तारखेला. या खेपेला दोघांनी ठरवलं होतं की मध्यावर कुठंतरी सगळ्यांनी दोन दिवस मजा करायची आणि तिथूनच अप्पांना इकडून तिकडं द्यायचं.

अडचण एवढीच झाली की बेत ऑक्टोबर तीसचा धरून आखलेला, तो निघाला एकतीसचा, आणि निघायचा दिवस एक तारखेऐवजी एकतीसला आला. शिरीषला वाटलं, अदलाबदल इथं करायचं ठरलं होतं, ती झाली. हेमंतला वाटलं, एक तारीख उद्या आहे, आजचा दिवस शिरीषचा. दोघांनी बॅगा भरल्या. अप्पा दारापर्यंत आले आणि त्यांच्या लक्षात आलं की उजवी चप्पल नाही. ती शोधायला ते परत आत गेले. बाहेर दोन दारं धाडकन लागली, दोन गाड्या सुरू झाल्या आणि दोन्ही गेल्या. कोंडिबानं वळणापर्यंत हात हलवला.

मग तो झाडू घेऊन आत आला, तर बाराव्या खाटेखाली एक माणूस होता.

“कोंडिबा, माझी उजवी चप्पल बघितलीत का हो?” अप्पा खाटेखालूनच म्हणाले.

चप्पल कणगीत होती. कोंडिबाच्या हातातला झाडू गळून पडला. आजवर त्यानं मोजा विसरवला होता, झाकण विसरवलं होतं. अख्खा बाप पहिल्यांदाच.

“मास्तर, गाड्या गेल्या वो!” तो म्हणाला. “चला धोंड्यावर, फोन लावतो. घाटात असतील अजून.”

अप्पा खाटेवर बसले. पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, “नका लावू. बघू तरी, किती वेळात लक्षात येतं.”

“चार्जरला पावणेदोन तास लागले होते,” कोंडिबाच्या तोंडून निघून गेलं.

“मग तेवढे धरू,” अप्पा म्हणाले.

पावणेदोन तास झाले. चार वाजता दोघं धोंड्यावर जाऊन बसले. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिकडं पुण्यात शिरीष निश्चिंत होता की अप्पा कोल्हापुरात आहेत. कोल्हापुरात हेमंतनं एक तारखेला दिवसभर वाट बघितली, कुणी आणून सोडलं नाही, तेव्हा त्याला वाटलं, शिरीषनं हा महिनाही ठेवून घेतलेलं दिसतंय. त्यानं फोन केला नाही. विचारलं आणि आणून सोडलं तर? अप्पा दुसऱ्याकडं असताना त्यांना फोन करायचा नाही असा त्या घरात काही नियम नव्हता. पण पाळला जायचा.

अप्पा रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्री मोडलेला सदरा हातानं सारखा करायचे आणि पिशवी मांडीवर घेऊन बाराव्या खाटेवर बसायचे. न्यायला येतील तेव्हा आपण तयार असावं. जेवणाच्या वेळेला पिशवीतून टॉवेल बाहेर निघायचा, मग चष्म्याचं घर, मग औषधं. दुसऱ्या दिवशी सगळं परत भरलेलं. कोंडिबा हे बघायचा आणि त्याला कणगी आठवायची. चप्पल काढून द्यावी, कबूल करावं, स्वतःच फोन लावावा, असं त्याला रोज वाटायचं. पण संध्याकाळी चरवीच्या वेळेला गोठ्यात गेलं की तिथं कुणीतरी बसलेलं असायचं. मग उद्या सांगू, असं तो ठरवायचा.

बोलणं दोघांचं फार नसे. अप्पांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं आणि कोंडिबाला बोलायची सवय सुटली होती. अप्पा चहा कधी तोंडानं मागत नसत. गव्हाणीच्या दगडावर बोटानं दोनदा वाजवायचे. टक टक. कोंडिबा चुलीपासून उठून चहा घेऊन यायचा.

“हे काय वो मास्तर, दोनदाच का?” त्यानं एकदा विचारलं.

“आमच्या ऑफिसात तार पाठवायच्या आधी दोनदा वाजवायचो आम्ही,” अप्पा म्हणाले. “म्हणजे, तिकडं कुणी आहे का?”

“आणि असलं तर?”

“तर तोही दोनदा वाजवतो.”

त्या दिवसापासून कोंडिबा चहाची बशी ठेवताना दोनदा वाजवायला लागला. चहाही जास्त लागायला लागला. चांगुणेला दूध पुरेना म्हणे.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा पुण्यात शिरीषला आठवलं की अप्पांचा हयातीचा दाखला द्यायचा राहिलाय. अप्पा जिवंत आहेत हे दाखवायला अप्पा लागतात. त्यानं भावाला फोन केला, “अप्पांना बँकेत नेऊन आणलंस का?”

“मी?” हेमंत म्हणाला. “तुझ्याकडं आहेत ना!”

त्यानंतर दोघांनी एकदमच मिठखिंडीचं नाव घेतलं, असं सांगतात.

सत्तावीस तारखेला सकाळी दोघं एकाच गाडीतून आले. रडवेले झाले होते. गाडी पुरती थांबायच्या आत उतरले आणि दाराकडं धावले. शिरीषचं कपाळ चौकटीवर आपटलं, हेमंतचं शिरीषवर. चौकटीत कोंडिबा उभा होता, हात आडवा लावून.

“अप्पा आहेत ना इथं?” शिरीषनं कपाळ धरून विचारलं. “बरे आहेत ना?”

“एक मास्तर आहेत,” कोंडिबा म्हणाला. “तुमचेच आहेत कशावरनं?”

“अहो, म्हणजे काय? आमचे वडील आहेत ते!”

“समदे असंच म्हणतात. खूण सांगा, मास्तर न्या.”

तीस वर्षांची सवय होती, आणि गोठ्याचा त्याहून जुना नियम होता. पण खरं सांगायचं तर कोंडिबाला माणूस द्यायचाच नव्हता. आत अप्पा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली म्हणे त्या बाईची.

“कुठल्या कानानं ऐकू येत न्हाई?” कोंडिबानं विचारलं.

“उजव्या,” शिरीष म्हणाला.

“दोन्ही,” हेमंत म्हणाला.

“चुकली. झोपताना काय घेतात अंगावर?”

“शाल.”

“नाही रे, चादर. आमच्याकडं चादर घेतात.”

“नुसता टॉवेल, तोही पायावर,” कोंडिबा म्हणाला. “चुकली. आता शेवटची. चहा कसा मागतात?”

“तोंडानं!” हेमंत ओरडला. मग हळूच म्हणाला, “आमच्याकडं... मागत नाहीत ते. आम्ही देतो तेव्हा घेतात.”

नियमाप्रमाणं वस्तू आता खोलीतच राहणार होती. कोंडिबाच्या जवळ आता रोजचा चहा होता, चार वाजता धोंड्यावर शेजारी कुणीतरी होतं, आणि ते सगळं नियमात बसत होतं. तो जिंकला होता. त्यानं मागं वळून बघितलं.

अप्पांनी पिशवी घट्ट धरली होती. ती कुणीही सोडवून घेत नव्हतं, तरी. लागोपाठ सत्तावीस सकाळी केलेली दाढी त्या चेहऱ्यावर होती, आणि तो चेहरा दाराकडं बघत नव्हता. बघायचं टाळत होता. डेपोतल्या फळीवर मालक न आलेल्या सामानाकडं कोंडिबानं तीस वर्षं बघितलं होतं. सामानाला तोंड नसतं, एवढंच त्याला आजवर बरं वाटायचं.

तो परत मुलांकडं वळला. आडव्या लावलेल्या हाताच्या नखानं त्यानं चौकटीवर दोनदा वाजवलं. टक टक.

शिरीषनं त्या बोटाकडं बघितलं. हळूहळू त्याचा चेहरा बदलला. “वाजवतात,” तो म्हणाला. “दोनदा. आम्ही लहान असताना कामावरून आले की दारावर... हेमंत, आपण आतून परत वाजवायचो, मग ते आत यायचे...”

“पटली,” कोंडिबा म्हणाला आणि हात खाली घेतला.

अप्पा एका चपलेनं बाहेर आले. गाडीत बसायच्या आधी कोंडिबाजवळ थांबले. “कोंडिबा, तार कुणी पाठवली ते तारमास्तराला हातावरून कळतं,” ते म्हणाले. “चौकटीवर वाजवलं तो हात माझ्या मुलाचा नव्हता.”

कोंडिबा मान खाली घालून म्हणाला, “मास्तर, तुमची चप्पल...”

“कणगीत आहे. दुसऱ्याच दिवशी दिसली होती मला. राहू दे तिथंच.” अप्पांनी पिशवी सावरली. “विसरलो मी ती.”

गाडी वळणाशी गेली तेव्हा मागच्या काचेतून कुणीतरी बघत होतं.

त्या संध्याकाळी कोंडिबानं चरवी घेतली नाही. कणगी उपसून सगळं बाहेर काढलं आणि खिंडीतल्या वाघजाईपुढं नवस बोलला, की आजपासून कुणाची वस्तू विसरवणार नाही, मग धोंड्यावर फोन येवो न येवो. उजवी चप्पल त्यानं बाराव्या खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी चार वाजता तो एकटाच धोंड्यावर जाऊन बसला. शेजारची जागा मोकळी ठेवून बसला म्हणे, सवयीनं.

फोन वाजला. उचलला तर पलीकडं कुणी बोलेना. मग आवाज आला. टक टक.

कोंडिबानं मोबाईल तोंडासमोर धरला आणि नखानं त्यावर दोनदा वाजवलं. तिकडं कोल्हापुरात हेमंत शेजारी उभा होता. तो म्हणाला, “अप्पा, बोला की काहीतरी.”

“झालं बोलून,” अप्पा म्हणाले.

पुढं असं ठरलं. एक महिना पुणे, एक महिना कोल्हापूर, आणि एकतीस तारीख कुणाचीच नव्हती, ती गोठ्याची झाली. वर्षात सात एकतीस तारखा येतात. सातही वेळा दोघांपैकी एक मुलगा अप्पांना चप्पल न्यायला म्हणून आणायचा, राहायचा, आणि निघताना चप्पल परत विसरली जायची. दोन्ही घरांत नवे जोड आणून ठेवले होते, अप्पा ते घालत नसत. एका चपलेनं फिरायचे. शेजारीपाजारी विचारायचे, तर सांगायचे, दुसरी माझ्या मित्राकडं आहे. एकतीस सोडाच, तीसही न गाठणारा फेब्रुवारी महिना कोंडिबाला मुळीच आवडायचा नाही.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी मार्चच्या एकतीसला गाडी आली नाही. कोंडिबा चार वाजता धोंड्यावर गेला. फोन वाजला. पलीकडं शिरीष होता. त्यानं फोनवर दोनदा वाजवलं. हात वेगळा होता. कोंडिबाला कळलं. त्यानंही दोनदा वाजवलं आणि धोंड्यावर बसून राहिला, शेजारची जागा मोकळी ठेवून.

चांगुणामावशी इथं थांबते. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतं, मग चप्पल मुलांनी नेली का? ती म्हणते, दोघं आले होते म्हणे. तिन्ही खुणा बरोबर सांगितल्या. कान, टॉवेल, चहा. कोंडिबानं चप्पल काढून पुढं केली, तर हेमंत म्हणाला, “राहू दे तात्या. नाहीतर आम्ही यायचं कशाला?”

आजही मिठखिंडीच्या गोठ्यात एकतीस तारखेला बारावी खाट कुणाला देत नाहीत. त्या गव्हाणीवर चहाची भरलेली बशी ठेवतात. आजही पाहुणे निघताना एखादी वस्तू आपल्या हातानं खुंटीला टांगून जातात, कुणी टोपी, कुणी एकच मोजा, कुणी एकच चप्पल. घाटाखालच्या टपरीवाल्याला एका चपलेनं येणारी गिऱ्हाईकं आता नवी राहिलेली नाहीत. आणि जाताना बाराव्या गव्हाणीवर बोटानं दोनदा वाजवायचं, अशी रीत आहे. वाजवणाऱ्याला वाटतं, आपण दगडावर वाजवतोय. पण आत चुलीपाशी कोंडिबा बसलेला असतो. त्याला आता डोळ्यांनी कमी दिसतं. तो बशीवर दोनदा वाजवतो आणि चहा टाकतो, आणि मग कितीही घाई असली तरी चहा होईपर्यंत थांबावं लागतं.